आधी ब्रेक, मग बिछाना

प्रति,
कॅम्पर व्हॅन बांधून देणाऱ्या सर्व कार्यशाळांचे मालक आणि कारागीर यांस,



जुनी मिनीबस आणायची, तिच्यातल्या सीट काढायच्या, त्या जागी पलंग, ओटा, सिंक आणि छोटेसे स्वच्छतागृह बसवायचे, छतावर सोलर पॅनल चढवायचे आणि एखादे कुटुंब कोकणात किंवा गोव्याला जायला मोकळे करायचे, हे काम आपण करता. हौसेने करता आणि पुष्कळदा उत्तम करता. अठरा मिलीमीटरच्या प्लायमधून काढलेले कप्पे, इंचभरही वाया न घालवता साधलेली फ्रिजची जागा, भिंतीआड लपवलेली वायरिंग यांत कारागिरीचा कस दिसतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हापासून या गाड्यांबद्दलचे कुतूहलही वाढले आहे. हे पत्र तक्रारीचे असले तरी ते परक्याचे नाही. या गाड्या वाढाव्यात आणि लोकांनी त्यांतून भरपूर फिरावे, असे मनापासून वाटणाऱ्याने ते लिहिले आहे.

तक्रार अशी, की गाडी बांधताना ब्रेकचा विषय निघतच नाही. कोटेशनमध्ये गादीच्या फोमची घनता असते, नळाची कंपनी असते, पडद्याच्या कापडाचा रंग असतो. तयार गाडीचे वजन किती भरेल आणि घाट उतरताना ते वजन कशाच्या जोरावर आवरायचे, याबद्दल एक ओळही नसते. ग्राहकाने विचारलेच, तर "ब्रेक कंपनीचेच आहेत, काळजी करू नका" एवढे उत्तर मिळते. कंपनीने ते ब्रेक कंपनीच्या गाडीसाठी दिले होते. आपण तिचे घर केलेत, तेव्हाच ती गाडी बदलली.

घाटाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे आणि खोपोली साठेक मीटरवर. म्हणजे बोरघाट उतरणारी गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. साडेतीन टनांच्या गाडीसाठी या उताराची ऊर्जा भरते जवळजवळ १९ मेगाज्यूल. तीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली असताना पूर्ण थांबवायची, तर ०.८६ मेगाज्यूल झेलावे लागतात. भागाकार केला की आकडा येतो बावीस. एक बोरघाट उतरणे म्हणजे ऐंशीच्या वेगावरून लागोपाठ बावीस वेळा गाडी थांबवण्याइतकी ऊर्जा जिरवणे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे, तर उंचीतला फरक बाराशे मीटरहून अधिक आहे, आणि हाच आकडा पन्नाशीच्या आसपास जातो.

यातला काही भाग हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण खाते. चालकाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, तर मोठा वाटा इंजिन उचलते. पण तो चौथ्यात उतरला, किंवा डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सुटला, तर राहिलेले सगळे ब्रेकच्या अंगावर येते. १९ मेगाज्यूल म्हणजे साठेक लिटर नळाचे पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता. दहा किलोची बिडाची डिस्क पाचशे अंशांनी तापवायला सुमारे अडीच मेगाज्यूल पुरतात. अशा गाडीच्या चार चाकांवर किती बीड आहे आणि घाट उतरायला किती वेळ लागतो, याचा ताळा ज्याचा त्याने करून पाहावा.

एवढ्या तापल्यावर काय होते, हे आपल्या फिटरांना ठाऊक आहे, पण ग्राहकाला कुणी सांगत नाही. पॅड आणि लायनर ठरावीक तापमानापलीकडे पकड सोडतात. ड्रम तापून फुगतो, त्याचा व्यास वाढतो, आतल्या शूंना त्याला गाठायला अधिक लांब जावे लागते आणि पॅडल खाली खाली जाऊ लागते. आणि सर्वांत वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळते. द्रवावर दाब दिला तर तो दाब चाकापर्यंत पोहोचतो. वाफेवर दिला तर वाफच दबते. पाय थेट फळीला टेकतो आणि गाडी चालतच राहते. अशी गाडी कशीबशी थांबली, तासभर निवली, की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पॅडल पूर्ववत ताठ होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये फिटर तपासतो आणि सांगतो, "ब्रेक तर एकदम ठीक आहेत." तो खोटे बोलत नसतो. थंड गाडीत त्याला दुसरे काही सापडूच शकत नाही, आणि ग्राहक तीच गाडी घेऊन पुन्हा घाटात जातो.

ब्रेक ऑइलबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण कॅम्पर व्हॅनचे खरे दुखणे इथे आहे. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ दर्जाचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत घसरलेली चालते, असे खुद्द त्या दर्जाचे प्रमाणच सांगते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. आता कॅम्पर व्हॅन कशी वापरली जाते ते पाहा. वर्षातले अनेक महिने ती सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असते. पावसाळा तिथेच काढते. दिवाळीत आणि मेमध्ये बाहेर पडते. किलोमीटर फार होत नाहीत, म्हणून किलोमीटरवर बेतलेली सर्व्हिसिंगची वेळ येतच नाही. ऑइल मात्र किलोमीटरने म्हातारे होत नाही, काळाने होते. रोज धावणाऱ्या मिनीबसचे ब्रेक निदान कुणाच्या तरी नजरेखालून जातात. आठ महिने उभ्या असलेल्या घराचे ऑइल पाणी पीत राहते, कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि समुद्रकाठी राहणाऱ्याच्या गाडीत ब्रेकच्या पाइपवर खारी हवा काम करते. मग एक दिवस सगळे कुटुंब, भरलेली पाण्याची टाकी आणि पंधरा दिवसांचा शिधा घेऊन ती थेट कुंभार्ली नाहीतर आंबोली घाटात उतरते.

म्हणून पहिली विनंती साधी आहे. गाडी ताब्यात देण्यापूर्वी जुने ऑइल पूर्ण काढून गाडीच्या उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचे नवे भरा, सगळ्या चाकांच्या ब्रेकमधली एअर काढा, आणि ती तारीख बॉनेटखाली चिकटवून ठेवा. पुढची तारीख दोन वर्षांनंतरची लिहा. जिथे उत्पादक डॉट ४ चालते म्हणतो, तिथे डॉट ३ भरून पैसे वाचवू नका. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र नावात पाच आहे म्हणून यात मिसळू नका. ते वेगळ्या जातीचे आहे. ब्रेक सुधारायचे म्हणजे सगळ्यांत आधी हेच करायचे. मोठ्या डिस्कची गोष्ट फार नंतरची.

आता वजन. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, यात कुणाचे दुमत नसावे. घरातल्या इन्व्हर्टरला लावतात तशा दीडशे अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या शंभर किलोच्या वर जातात. लिथियमच्या घेतल्या तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. आठ बाय चारचा अठरा मिलीमीटर प्लायचा एक तक्ता तीस-पस्तीस किलोचा असतो, आणि एका गाडीत असे तक्ते किती जातात हे आपल्यालाच चांगले माहीत. छतावरचा एसी, बाजूची उघडमीट होणारी छत्री, गॅसची टाकी, मागे लटकवलेल्या सायकली हे सगळे वर. सीट काढल्याने हलके झालेले वजन केव्हाच भरून निघते. बरे, हे वजन बसते कुठे? पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या बहुधा मागच्या अॅक्सलच्या मागे, आणि एसी डोक्यावर.

तरीही तयार गाडी वजनकाट्यावर नेणाऱ्या कार्यशाळा थोड्या. खडीचे आणि उसाचे ट्रक जिथे रोज तोलले जातात, त्या काट्यावर किरकोळ पैशांत पावती मिळते. टाक्या भरून एकदा पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची. तीन आकडे. ते आरसीवरच्या एकूण वजनाशी आणि कंपनीने प्रत्येक अॅक्सलला दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचे. ब्रेक कमी पडतात की पुरतात, हा वाद याआधी घालण्यात अर्थच नाही. युरोपात गाडीचे चालू स्थितीतले वजन सांगताना चालकाचे ७५ किलो आणि ९० टक्के भरलेली इंधनटाकी धरायची, इतक्या बारकाईने नियम आहे. जर्मनीत साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते, त्यामुळे तिथला फिरस्ता कपाटातल्या ताटल्यांचेही वजन करतो. आपल्या ग्राहकाला निदान एक पावती मिळावी.

वजन वाढले की गाडी मागून बसते. मग आपण काय करता, तर कमानीला एक-दोन पाटे वाढवता. गाडी उचलली जाते, ग्राहक खूश होतो. आणि इथेच सर्वांत गंभीर गोष्ट घडते. अनेक मिनीबस आणि व्हॅनमध्ये मागच्या अॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. गाडी भरली, चेसिस खाली आली, की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली, की दाब कमी होतो, म्हणजे मागची चाके जागच्या जागी लॉक होऊन गाडी आडवी फिरू नये. हा व्हॉल्व्ह वजन मोजत नाही, तो चेसिस आणि अॅक्सल यांच्यातले अंतर मोजतो. पाटे वाढवून चेसिस वर उचलली की तो समजतो गाडी रिकामी आहे. पूर्ण लादलेल्या गाडीच्या मागच्या चाकांना तो रिकाम्या गाडीइतकाच दाब देत राहतो, पुढचे ब्रेक एकटे राबतात आणि घाटात पुढचेच आधी तापतात. पाटे वाढवल्यावर ती दांडी कंपनीच्या मापाने नव्याने लावून घेणे हे तासाभराचे काम. ज्या कार्यशाळेने पाटे वाढवले आणि या दांडीला हात लावला नाही, तिने नकळत ब्रेक कमी केले, असेच म्हणावे लागेल. काही नव्या गाड्यांत ही वाटणी एबीएसच्या संगणकाकडे असते. तिथे ही दांडी नसते, पण म्हणून बाकीचे हिशेब सुटत नाहीत.

मोठ्या टायरचेही असेच. गाडी दांडगी दिसावी म्हणून पाच टक्के अधिक व्यासाचे टायर चढवले, तर पायाच्या त्याच जोराला जमिनीवर लागणारा ब्रेक पाचेक टक्क्यांनी उतरतो, कारण चाकाची त्रिज्या वाढली आणि डिस्क तेवढीच राहिली. शिवाय स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवू लागतो. कमी ब्रेक, जास्त वेग, आणि काटा सांगतो सगळे ठीक.

आणखी एक कळकळीची सूचना. फरशीतून स्क्रू ठोकताना खाली वाकून पाहत चला. पाण्याच्या टाकीचा ब्रॅकेट ब्रेकच्या पाइपला घासतो आहे, वेल्डिंगची ठिणगी रबरी होजवर पडली आहे, गॅसच्या नळीसाठी पाडलेले भोक पाइपपासून बोटभर अंतरावर आहे, असे प्रकार गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाहीत. फर्निचर करणारा मिस्त्री आणि ब्रेकचा फिटर यांनी एकाच गाडीखाली एकदा तरी एकत्र जावे.

आता ज्याला बाजारात 'ब्रेक अपग्रेड' म्हणतात त्याबद्दल. मोठ्या डिस्क, जादा पिस्टनचे कॅलिपर, लाल रंग. ग्राहकाला वाटते, मोठी डिस्क लावली की गाडी लवकर थांबेल. एका करकचून मारलेल्या ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबणार हे शेवटी टायरची रस्त्यावरची पकड ठरवते. पूर्ण वजनानिशी ब्रेक दाबल्यावर एबीएस थरथरू लागत असेल, तर ब्रेकचा जोर टायरला पुरून उरला आहे. डिस्क कितीही मोठी केली तरी त्या एका थांबण्याचे अंतर घटणार नाही. मोठ्या डिस्कचा उपयोग उष्णता साठवायला आणि फेकायला होतो, म्हणजे घाटात. हा फरक ग्राहकाला समजावून सांगणे हे आपले काम आहे.

आणि मोठे कॅलिपर लावताना मास्टर सिलिंडरचा विचार कोण करणार? पिस्टनचे क्षेत्रफळ वाढले की ते सरकवायला जास्त ऑइल लागते, पॅडल लांब जाते. म्हणून मोठा मास्टर सिलिंडर बसवला, तर पायाला जास्त जोर लावावा लागतो, मग बूस्टरचा प्रश्न येतो. फक्त पुढचे ब्रेक वाढवले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ बिघडतो. हब बदलला तर एबीएसच्या सेन्सरसमोर फिरणारी दातेरी चकती त्याच मापाची आहे का, हे पाहावे लागते. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारी आणि मिनीबसना एबीएस सक्तीचे आहे. ते यंत्र मूळ गाडीच्या हिशेबाने बसवलेले असते. एक भाग वाढवून उरलेली साखळी तशीच ठेवणे ही सुधारणा नव्हे. त्यामुळे ज्या गाडीची गरज खरोखर मोठी आहे, तिथे त्याच उत्पादकाच्या जड मॉडेलचे पूर्ण ब्रेक, त्याच्या मास्टर सिलिंडर आणि बूस्टरसह घ्यावेत, किंवा मुळातच जास्त वजनाची चेसिस निवडावी. ही निवड पहिल्या दिवशी होते, गाडी बांधून झाल्यावर होत नाही. ग्राहक स्वस्तातली लहान गाडी घेऊन दारात उभा राहतो, तेव्हाच त्याला "हिच्यात एवढे बसणार नाही" असे सांगण्याचे धैर्य आपल्यापाशी हवे.

जगातल्या सर्वांत लाडक्या कॅम्परकडेही या बाबतीत पाहता येईल. फोक्सवागनची टाइप २ ही १९५० पासून बनू लागलेली गाडी. वर्षानुवर्षे तिच्या चारही चाकांना ड्रम होते; पुढे डिस्क आल्या त्या १९७१ च्या मॉडेलपासून. त्याआधीच्या गाड्या जपणारे आजही पुढच्या चाकांना डिस्क बसवून घेतात, आणि जर्मनीत असा बदल करताना तो भाग त्या गाडीसाठी मान्य असावा लागतो किंवा अधिकृत तज्ज्ञाकडून तपासून कागदपत्रांत नोंदवून घ्यावा लागतो. या गाडीचे उत्पादन सर्वांत शेवटी टिकले ते ब्राझीलमध्ये. तेही डिसेंबर २०१३ मध्ये थांबले, कारण २०१४ पासून तिथे नव्या गाड्यांना एबीएस आणि एअरबॅग सक्तीच्या झाल्या आणि त्या जुन्या सांगाड्यात ते बसवणे शक्य नव्हते. लोकांचे प्रेम आटले म्हणून ती बंद पडली नाही.

आपल्याकडचा कायदा काय सांगतो, हे आपण जाणताच, पण ग्राहकाला ते आपल्या तोंडून कळायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही; केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. लक्षात घ्या, मालकाला. काम आपण करता, पासिंगच्या कागदावर आणि कोर्टाच्या नोटिशीवर नाव त्याचे असते. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलांबद्दल विचारते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र प्रमाण आपल्याकडे आहे, वाहनांची चाचणी करणारी एआरएआय पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर आहे. आपल्यातल्या मोठ्या कार्यशाळांनी एकत्र येऊन एक-दोन चेसिसवरच्या आराखड्यांना रीतसर मान्यता मिळवली, तर लहान कारागिरांनाही त्या मापावर काम करता येईल.

परिवहन खात्याकडेही एक बोट दाखवणे भाग आहे, आणि तेही आपल्या खांद्यावरून. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नोंदणीच्या दृष्टीने 'नॉन-ट्रान्सपोर्ट' वर्गात मोडते. प्रवासी मिनीबसला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस तपासणीला जावे लागते. तीच मिनीबस घर होऊन खासगी झाली, की नोंदणी पंधरा वर्षांची होईपर्यंत तिचे ब्रेक कुणी रोलरवर तपासायला सांगत नाही. वजन मिनीबसचे, तपासणी मात्र घरच्या मोटारीची. ही पोकळी खात्याने भरावी हे खरेच. तोवर आपण ती भरू शकता. रोलर ब्रेक टेस्टर असलेल्या केंद्रात गाडी नेऊन प्रत्येक चाकाचा आणि हँडब्रेकचा आकडा घ्या. डाव्या आणि उजव्या चाकांत फरक असेल तर तो तिथेच दिसतो. ओल्या रस्त्यावर हाच फरक गाडीला दरीकडे ओढतो. हँडब्रेकचे महत्त्व या गाड्यांत दुप्पट आहे, कारण उतारावर उभ्या केलेल्या या गाडीत माणसे झोपलेली असतात. चाकाखाली लावायचे दोन चांगले ठोकळे गाडीसोबतच द्या. अंधारात रस्त्याकडेचा दगड शोधायची वेळ कुणावर आणू नका.

शेवटचे मागणे चावी देण्याच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी आपण ग्राहकाला तासभर पंप, इन्व्हर्टर, गॅसचा व्हॉल्व्ह समजावता. त्यातला अर्धा तास घाटासाठी काढा. आजवर मोटार चालवलेला माणूस पहिल्यांदाच साडेतीन टन घेऊन निघाला आहे. त्याला सांगा, की उतार सुरू होण्याआधीच खालच्या गिअरमध्ये यायचे. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की एकदा नीट दाबून तो उतरवायचा आणि पाय उचलायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क निवते. जळका वास आला किंवा पॅडल मऊ लागले, की पुढचे वळण पाहू म्हणायचे नाही, गाडी बाजूला घ्यायची. इंजिन बंद करून उतरणे तर कदापि नाही, कारण इंजिन थांबले की बूस्टरमध्ये एक-दोनदा ब्रेक दाबण्यापुरताच व्हॅक्युम उरतो आणि त्यानंतर पॅडल दगडासारखे होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने वीसहून अधिक वाहनांना धडक दिली, तेव्हा चालकाने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडल्याचेच प्राथमिक तपासात पुढे आले होते. असे चालवणारा माणूस बिनधास्तच असतो असे नाही. बऱ्याचदा त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

या सगळ्याला पैसे लागतील, ग्राहक घासाघीस करील, शेजारची कार्यशाळा स्वस्तात करून देईल, हे मान्य. पण ऑइल, वजनाची पावती, दांडीचे माप, रोलरची पावती आणि अर्ध्या तासाचे बोलणे यांचा एकत्र खर्च एका चांगल्या कप्प्याच्या बिजागऱ्यांहून फार मोठा नाही. ग्राहकानेही कपाटे आणि पडदे थोडे कमी निवडावेत. त्याला ते पटवून देणे आपल्याला जमेल, कारण तो आपल्यावर विश्वास ठेवूनच दारात आलेला असतो.

तेव्हा आपल्या पुढच्या कोटेशनचे पहिले पान बदला. पलंगाच्या आधी तिथे चार ओळी येऊ द्या: तयार गाडीचे टाक्या भरून वजन, दोन्ही अॅक्सलवरचे वजन, ब्रेकवर केलेले काम आणि चाचणीचा आकडा. खाली आपली सही करा. जी कार्यशाळा ही चार ओळी लिहून देईल, तिच्याकडेच गाडी बांधायला द्या, असे प्रत्येक भेटणाऱ्याला सांगण्याची जबाबदारी पत्रलेखक स्वतःकडे घेतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
घाट उतरून कोकणात जाणारा एक कॅम्पर व्हॅनधारक